बौजीच्या गळ्याचा धडा

चौथीच्या पुस्तकात मिठाचा धडा जेमतेम दीड पानाचा होता, पण मी तो दोन दिवस शिकवायचो. पहिल्या दिवशी मुलांनी घरून चिमूटभर मीठ आणायचं. सरकारी पेटीतल्या बाटलीतला एक थेंब त्यावर टाकला की आयोडीनचं मीठ निळंजांभळं व्हायचं आणि डळ्याचं, म्हणजे खड्यांचं, मीठ पांढरंच राहायचं. ज्याचं पांढरं राहिलं त्याचा चेहरा पडायचा. मग मी सांगायचो, "रडू नकोस. तुझ्या आईला पुडीचं मीठ आणायला सांग." आणि दुसऱ्या दिवशी मी बौजीला शाळेत घेऊन यायचो.

बौजी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, सुरमादेवी. ती पंधराव्या वर्षी लग्न होऊन आमच्या कांडधारला आली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि आमची आई नुकतीच गेली होती. भाऊ फौजेत. तिनेच मला न्हाऊ घातलं, मंडव्याच्या, म्हणजे नाचणीच्या, रोटीवर लसूण-मिरची घालून वाटलेलं मीठ लावून ती माझ्या हातात दिली आणि नदीपलीकडच्या शाळेत पाठवलं.

माझ्या आठवणीतल्या बौजीच्या गळ्याला कायम गलगंड होता. आमच्या नयार नदीच्या खोऱ्यात तेव्हा दर तिसऱ्या बाईला असायचा, त्यामुळे कुणी त्याकडे बघायचंही नाही. तिचा आधी लिंबाएवढा होता, हरेंद्रच्या बाळंतपणानंतर दोन माल्टे, आमच्याकडची मोठी संत्री, शेजारी ठेवावेत तेवढा झाला. लग्नातलं गुलूबंद तिच्या गळ्याभोवती पुरेना. काळ्या मखमलीची पट्टी दोनदा वाढवावी लागली, सोन्याचे चौकोन तेवढेच राहिले.

मास्तर झाल्यावर मी घरातलं डळ्याचं मीठ बंद केलं. बौजी ते डळे धुऊन घ्यायची, मग पाट्यावर वाटायची. पुडीचं मीठ तिला आवडलं नाही. "याला चवच नाही. खारट तेवढं आहे," म्हणायची. पण माझ्यासाठी खाल्लं. त्याच सुमारास तिच्या चुलत सासूने, म्हणजे माझ्या काकीने, भैरवाला बकऱ्याचा नवस केला. आणि तीन-चार वर्षांत गलगंड खरोखरच ओसरला. मान सपाट झाली. गुलूबंदाची पट्टी पुन्हा आखूड करावी लागली.

गावात दोन पक्ष पडले. अर्धं गाव म्हणे भैरवाने नेला, मी म्हणे मिठाने नेला. चौथऱ्यावर वाद रंगला की बौजी निकाल द्यायची, "बकरा तुम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ला. मीठ मी एकटीने खाल्लं. तेव्हा मिठानेच नेला."

तर वर्गात ती गुलूबंद सोडायची, हनुवटी वर करायची आणि मी मुलांना एकेक करून तिच्या गळ्याला हात लावू द्यायचो. "बघा, इथे दोन माल्ट्यांएवढा गलगंड होता. मिठाने विरघळला." मुलांना गुदगुल्या झाल्यासारखं वाटायचं. बौजी म्हणायची, "हात धुतलेत का रे, माकडांनो?" तीस वर्षं मी हा धडा असा शिकवला.

बौजीची दुसरी ओळख म्हणजे तिची धाद. एका उतारावरून दुसऱ्या उताराला घातलेली हाक, तिला आम्ही धाद म्हणतो. प्रत्येक बाईची वेगळी असते. बौजी अंगणाच्या कडेला, अक्रोडाखाली उभी राहायची. डावा हात कानामागे, उजवा कमरेवर, आणि मग "विद्याऽऽऽऽ". विद्या म्हणजे मी. मधे दरी, खाली नदी, समोरच्या धारेवर शाळा. ती हाक सगळं ओलांडून यायची, आणि मास्तर झाल्यावरही माझे पाय आपोआप घराकडे वळायचे. धादेला ओ द्यायची असते. हाक तशीच सोडली तर ती दरीत फिरत राहते, चांगलं नसतं, असं म्हातारे सांगत. ज्याला मारली तो जागेवर नसेल तर वाटेतला कुणीही त्याच्या वतीने ओ देतो. मग बोलावणारी निश्चिंत होते.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षाआधी दोन हिवाळे तिची धाद आखूड व्हायला लागली. "विद्याऽ" आणि बस. मला वाटलं, सत्तरी आली. रात्री तिला आडवं झोपवेना, भिंतीला गोणपाट लावून बसूनच डुलक्या काढायची. घशातून शीळ घातल्यासारखा आवाज यायचा. शेजारची बचुली म्हणाली, "दमा आहे. माझ्या सासूला असाच होता." दम्याचा पंप आणला. बौजी तो ओढायची आणि म्हणायची, "हे भैरवाच्या पुजाऱ्याला द्या, त्याला फुंकर मारायला बरं."

गवताचा भारा डोक्यावर घेताना मात्र ती घाबरायची. दोन्ही हात वर केले की तोंड पिकल्या काफळाच्या फळासारखं जांभळं व्हायचं आणि मानेच्या शिरा फुगायच्या. भारा टाकून ती बसायची. हे मी एकदा दुरून पाहिलं होतं. ऊन लागलं असेल, असं मनाशी म्हणून पुढे गेलो.

त्या वर्षी शाळेत सहाच मुलं होती. बाकीची घरं कुलपं लावून कोटद्वारला, देहरादूनला गेलेली. मिठाच्या धड्याला बौजी आली, चढावर चार ठिकाणी थांबत. मुलांनी गळ्याला हात लावला. रुक्मा नावाची एक हुशार मुलगी होती, ती म्हणाली, "गुरुजी, आजीचा गळा आतून घरघरतोय. मांजरासारखा." सगळी हसली. मी भिंतीवर नकाशा लावायला गेलो, तर बौजी उठली. "तुझा हात पोचत नाही, लहानपणापासून बुटका तू," म्हणत तिने दोन्ही हात वर करून नकाशाची दोरी खिळ्याला अडकवली.

आणि तशीच भिंतीला धरून खाली बसली. चेहरा जांभळा, ओठ निळे. मुलांसमोर. रुक्माने पटकन तिचे हात खाली ओढले. हात खाली आले तसा रंग परत आला.

बौजी म्हणाली, "काही नाही रे. नकाशा जड आहे तुझा. सगळा देश आहे ना त्यात."

पण मला आता गप्प बसवेना. सतपुलीला एक्स-रे काढला. तिथल्या डॉक्टरने तो खिडकीला धरला, बराच वेळ पाहिला, आणि म्हणाला, "दमा नाही. श्वासनळी बाजूला सरकलीय. देहरादूनला न्या, लगेच."

देहरादूनला हरेंद्र होता, बौजीचा मुलगा, गाड्यांच्या कारखान्यात. त्याने मोठ्या हॉस्पिटलात नंबर लावला. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर उप्रेती चाळिशीच्या बाई होत्या. बौजीने आधी त्यांचंच मूळ शोधलं, "तू कुणाकडची गं, बेटी?"

"अल्मोड्याची, आमा." आमा म्हणजे त्यांच्याकडे आजी.

"मग ठीक. डोंगरातलीच आहेस."

छातीचे आडवे छेद घेतलेले फोटो त्यांनी उजेडाच्या काचेवर लावले. म्हणाल्या, "आमाला गलगंड आहे."

मी म्हणालो, "होता. तीस वर्षांपूर्वी गेला. आयोडीनच्या मिठाने."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी, तो गेला नाही. तो छातीत आहे."

मग शांतपणे समजावलं, मी मुलांना समजावतो तसं. मानेत मागे कणा असतो, बाजूंना आणि पुढे घट्ट स्नायू. मोकळी वाट फक्त खाली. प्रत्येक घोटाबरोबर गाठ वरखाली होते, वजन वाढत जातं, आणि एक दिवस ती छातीच्या हाडाच्या मागे जाऊन बसते. बाहेरून मान सपाट दिसते. आत ती वाढतच राहते. तिथे हाडाची पेटी असते, पसरायला जागा नाही. मग ती श्वासनळी दाबते, शिरा दाबते. हात वर केले की वाट आणखी अरुंद होते.

"आणि मीठ?" मी विचारलं.

"मिठाने नवीन गलगंड होत नाहीत. तुमच्या शाळेतल्या मुलांना झाले नाहीत ना? ते तुमचंच काम. पण एवढी जुनी गाठ मिठाने विरत नाही."

तीस वर्गांतल्या मुलांचे हात त्या गळ्याला लागले होते. त्यांच्या बोटांच्या चार अंगुळं खाली तो बसलेला होता, आणि मी म्हणत होतो, विरघळला.

बौजी म्हणाली, "म्हणजे बकराही वाया गेला आणि मीठही."

हसलं कुणीच नाही, तशी तीच थोडी हसली.

डॉक्टरबाईंनी दुसरा फोटो पुढे केला. गाठी दोन होत्या. उजवीकडची गळ्यातून खाली लोंबलेली, ती मानेवरच्या छेदातून बोटाने वर ओढून काढता आली असती, बहुतेकांची तशीच काढतात. पण डावीकडे खाली, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या कमानीपाशी, वेगळाच एक गोळा होता. गलगंडाचाच, पण वरच्याला न जोडलेला. "कदाचित जन्मापासून तिथेच असेल. त्याचं रक्त छातीतून येतं. वरून ओढला आणि आत शीर तुटली, तर माझं बोट तिथवर पोचणार नाही. म्हणून छातीचं हाड मधोमध कापून उघडावं लागेल."

"नाहीच काढला तर?" हरेंद्रने विचारलं.

"श्वासनळी अंगठ्याएवढी असायला हवी. आमाची पेन्सिलीएवढी उरलीय. एखाद्या सर्दीत बंद होईल."

"मग काढ," बौजी म्हणाली.

"अजून एक आहे, आमा. डावीकडची आवाजाची नस गळ्यातून छातीत उतरते, त्या कमानीला वळसा घालते आणि परत वर चढते. हा गोळा नेमका त्या वळणावर बसलाय. मी जपेन. पण नस वाचेलच असं वचन देत नाही. आवाज बसू शकतो. कायमचा."

बौजीने गुलूबंदावर हात ठेवला. मग म्हणाली, "बोलता येईल?"

"हळू बोलता येईल. ओरडता येणार नाही."

"धाद?"

डॉक्टरबाई अल्मोड्याच्या होत्या. त्यांना धाद म्हणजे काय ते सांगावं लागलं नाही. त्यांनी नुसती नकाराची मान हलवली.

बाहेर बाकावर बौजी मला म्हणाली, "हाक मारायला गावात उरलंय कोण? एक तू. तोही कानाने कमी." मग पदराने तोंड पुसलं. "श्वास तर हवाच, नाही का रे मास्तर. हाक मारायलाही आधी श्वासच लागतो."

शस्त्रक्रियेच्या आदल्या दुपारी ती वॉर्डात दिसेना. शोधत शोधत मी गच्चीवर गेलो. तिथे चादरी वाळत होत्या, दोन आया कपडे गोळा करत होत्या, एक रखवालदार सिगारेट ओढत होता. बौजी कठड्याशी उभी होती. लांब मसुरीचा डोंगर धुरकट दिसत होता. तिने डावा हात कानामागे नेला, उजवा कमरेवर ठेवला.

"विद्याऽऽ..."

अर्ध्यावर श्वास संपला. तिने पुन्हा घेतला.

"विद्याऽऽऽऽ"

ही पूर्ण झाली. जुन्यासारखी नव्हे, कापरी, पण पूर्ण. रखवालदार धावत आला. "कोण गेलं, आजी? कोण गेलं?" आया थांबून बघायला लागल्या. एकीने दुसरीला कोपराने ढोसलं.

मी दहा पावलांवर उभा होतो. ओ द्यायची होती. पण इतके लोक बघत होते, मी पांढऱ्या केसांचा मास्तर, पायात इस्त्रीची पँट. मी जवळ गेलो आणि हळूच म्हणालो, "हो. आहे इथेच. चल खाली."

तिने माझ्याकडे पाहिलं. जिना उतरताना माझा हात धरला तेवढंच.

सकाळी सातला तिला नेलं. त्याआधी तिने गुलूबंद काढून माझ्याकडे दिलं. "हरवलंस तर भैजीला काय सांगशील?" भैजी, म्हणजे माझा भाऊ, जाऊन अकरा वर्षं झाली होती. हरेंद्र आणि मी बाकावर बसून होतो. तो मधेच म्हणाला, "काका, मी चौथीत असताना आईच्या गळ्याला हात लावला होता. तुम्ही म्हणाला होता, विरघळला." एवढंच म्हणाला, आणि चहा आणायला गेला. माझ्यावर रागावला असता तर बरं झालं असतं.

साडेपाच तासांनी डॉक्टरबाई बाहेर आल्या. "दोन्ही गाठी निघाल्या. कर्करोग वाटत नाही. श्वास मोकळा आहे." मग म्हणाल्या, "डावी नस त्या गोळ्याला चिकटून, ताणून चपटी झाली होती. सोडवली. अखंड आहे. पण जीव आहे की नाही ते सहा महिने कळणार नाही."

बौजीने आधीच सांगून ठेवलं होतं की निघालेलं मला दाखवा. तिसऱ्या दिवशी त्यांनी फोटो दाखवला. दोन खडबडीत, गाठीगाठींचे गोळे, शेजारी मोजपट्टी. बौजीने खूण करून मला कान जवळ आणायला सांगितला. आवाज नव्हता, नुसती हवा.

"एवढं सगळं मी भाऱ्याबरोबर वाहत होते?"

गावी परतलो तेव्हा नियम पुष्कळ होते. तीन महिने ओझं नाही, रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, ती जन्मभर. बौजी आता आडवी झोपायची, घरघर न करता, आणि मी पहिल्या काही रात्री उठून तिचा श्वास चालू आहे ना हे बघायचो, इतका तो शांत होता. बचुली तिच्या वाटचं गवत आणायची आणि टोमणा मारायची, "आयुष्यभर जिने साऱ्या डोंगराला हाका मारल्या, तिला देवाने गप्प केलं." बौजी तिला जवळ बोलवायची, कानात काही तरी पुटपुटायची आणि बचुली हसत सुटायची. काय म्हणाली ते ती मला कधी सांगायची नाही.

मी सुचवलं, जेवायला बोलवायचं तर थाळी वाजव. तिने डोळे वटारले. "मी काय रानातली डुकरं हाकतेय?"

सहा महिने झाले. सात झाले. देहरादूनला तपासलं. नळी घालून डॉक्टरबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, डावी बाजू हलत नाही. आता हलेल असं वाटत नाही.

फाल्गुनात मला निवृत्त व्हायचं होतं आणि माझ्याबरोबर शाळाही बंद होणार होती. शेवटच्या आठवड्यात मी सहा मुलांना पुन्हा मिठाचं पान उघडायला सांगितलं. बौजीला मी बोलावलं नव्हतं, ती आपणहून आली. आठ-नऊ महिन्यांपूर्वी चार ठिकाणी थांबत आलेली, आता एकदाही न थांबता.

मी म्हणालो, "मुलांनो, हा धडा मी चुकीचा शिकवला. तुम्हाला, तुमच्या दादा-तायांना, काहींच्या वडलांनाही." आणि फळ्यावर मान आणि छाती काढून गाठ कशी खाली गेली ते दाखवलं.

रुक्माने हात वर केला. "म्हणजे मिठाचं खोटं होतं?"

"नाही. मीठ खरं आहे. तुझ्या गळ्याला गलगंड नाही तो मिठामुळे. पण आजीचा मिठाने गेला, हे मी न तपासता म्हणालो. तो दिसेनासा झाला, आणि मला हवं होतं तेच मी धरून चाललो."

"मग तुम्हाला कुणी मारलं का, गुरुजी?" सर्वांत लहान मुलाने विचारलं.

बौजी हसली. छातीवरचा लांब व्रण तिने पदर किंचित सरकवून दाखवला, आणि काहीतरी बोलली. मुलांना ऐकू येईना. ती सगळी उठून तिच्याभोवती कोंडाळं करून बसली, कुणी हालचाल करेना. माझ्या सदतीस वर्षांच्या नोकरीत माझा वर्ग इतका चिडीचूप कधी झाला नव्हता. ती काय म्हणाली ते मला मागच्या भिंतीपाशी ऐकू आलं नाही. रुक्माने मागाहून सांगितलं, "आजी म्हणाली, गुरुजींना रागवू नका, त्यांनी मला मिठाची पुडी स्वतःच्या पगारातून आणून दिली होती."

त्यानंतर चार दिवसांनी मी शाळेची कपाटं रिकामी केली, पुस्तकं गोणीत भरली, पंचांच्या माणसाकडे किल्ली दिली. उशीर झाला होता. दुपारची जेवणाची वेळ टळून गेली होती. मी पायवाटेवर आलो आणि सवयीने पलीकडे पाहिलं.

बौजी अक्रोडाखाली उभी होती. डावा हात कानामागे, उजवा कमरेवर, हनुवटी वर. छाती भरून श्वास घेताना तिचे खांदे उचललेले मला इथून दिसले. तोंड उघडलेलं दिसलं. दरीत नदीचा आवाज होता आणि एक कोतवाल पक्षी ओरडत होता. बाकी काही आलं नाही.

ती तशीच उभी राहिली. हात खाली घेईना.

मी गोणी खाली ठेवली. पलीकडच्या शेतात बचुली निंदत होती, खालच्या वाटेने दोन अनोळखी माणसं चढत होती. मी दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि होता नव्हता तेवढा सगळा आवाज काढला.

"होऽऽऽऽ बौजीऽऽऽऽ! आलोऽऽऽऽ!"

माझा आवाज चिरका. मला धाद कधी नीट जमलीच नाही. बचुलीने मान वर केली. ती दोन माणसं थांबून बघायला लागली.

बौजीने हात खाली घेतला आणि ताट वाढायला आत गेली.